प्रोसेसरचं झाकण आणि दाढीचं ब्लेड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात संगणक थंड कसा ठेवावा, यावर मजकूर आला होता. बहुतेक सूचना ठीक होत्या. शेवटी मात्र दोन ओळी अशा होत्या, की प्रोसेसरवरचं (म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपवरचं) धातूचं झाकण पातळ ब्लेडनं सोडवून आतली, उष्णता पुढे नेणारी, वाळलेली पेस्ट बदलली तर तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरतं. माझं म्हणणं त्या दोन ओळींबद्दल आहे. मी आर्वीला (जि. वर्धा) २००२ पासून संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. हातात लेखणीपेक्षा पेचकस जास्त असतो, तेव्हा लिहिण्यात कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

पुरवणी आली रविवारी. गुरुवारी दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नाही अशा वेळी, जवळच्या खेड्यातला एक विशीतला पोरगा दुकानात आला. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, कानशिलावर घाम. खिशातून त्यानं खर्र्याची पन्नी काढली. मला वाटलं, खर्रा पुढे करतो की काय. पन्नीतून निघाला एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, दोन भागांत. एकीकडे हिरवी पाटी, एकीकडे झाकण. सोबत आपल्या पुरवणीचं कात्रण, नीट चौघडी केलेलं.

“पेपरात तं असंच लिहून होतं न, काका,” तो म्हणाला. “चारही बाजूनं ब्लेड फिरवलं, तरी निंघे ना. मंग पेचकस घालून जोर लावला, तं टक्कन निंघालं. नवीन पेस्ट लावून बसवलं, पण चालू काहून नाई होत?”

मी भिंग लावून पाहिलं. या प्रोसेसरच्या झाकणाखाली सिलिकॉनचे दोन तुकडे असतात, एक मोठा, एक लहान. त्यांना आमच्या धंद्यात डाय म्हणतात. लहान डाय पाटीवर नव्हताच. तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून वर आला होता, आणि त्याच्या जागी पाटीवर उखडलेला खड्डा होता. खालच्या १३३१ पिनांपैकी एका कोपऱ्यातल्या दहा-बारा आडव्या झालेल्या. पिना मी टाचणीनं सरळ करून दिल्या असत्या, ते काम रोजचं आहे. उखडलेला डाय या जगात कोणी बसवून देत नाही.

“बाबू,” मी म्हटलं, “यात पेस्ट नव्हतीच.”

संपादक महोदय, आपल्या दोन ओळींत राहून गेलं ते हेच. झाकण दोन तऱ्हेनं बसवलेलं असतं. एका तऱ्हेत डाय आणि झाकण यांच्यामध्ये पेस्ट असते, आणि झाकण फक्त कडेच्या काळ्या रबरी डिंकानं पाटीला धरलेलं असतं. तो डिंक सुटला की झाकण हातात येतं. दुसऱ्या तऱ्हेत भांड्याला डाख देतात तसं झाकण डायला सोल्डर केलेलं असतं. हे सोल्डर इंडियम नावाच्या मऊ धातूचं. तो जवळपास १५७ अंशांना वितळतो. म्हणजे आपल्या तळपत्या दुपारी गच्चीवर ठेवला तरी तो जागचा हलायचा नाही. अशा झाकणाखाली पेचकस घालून जोर लावला की जे कच्चं असेल ते आधी तुटतं, आणि डायचं सिलिकॉन काचेसारखंच कच्चं असतं. सोल्डरचं झाकण काढणारे ते आधी बेताबेतानं तापवतात, धातू वितळेपर्यंत. ते काम मी करत नाही. जमत नाही म्हणून करत नाही, हेही लिहून ठेवतो. शिवाय सोल्डर पेस्टपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता पुढे नेतो. ते काढून आपण त्या जागी घालणार काय?

कोणात काय आहे हे बाहेरून दिसत नाही, पण माहीत करून घेता येतं. इंटेलचा आय-७ २६००, म्हणजे २०११ ची दुसरी पिढी, सोल्डरची. २०१२ ला तिसरी पिढी आली त्यात पेस्ट आली, ती २०१७ च्या आठव्या पिढीपर्यंत आपल्याकडच्या साध्या डेस्कटॉपमध्ये राहिली. २०१८ च्या शेवटी आलेल्या नवव्या पिढीतल्या ९९००के सारख्या वरच्या मॉडेलांत पुन्हा सोल्डर. एएमडीचे रायझन २०१७ पासून बहुतेक सोल्डरचेच, पण २०१८ चे ग्राफिक्सवाले २२००जी आणि २४००जी पेस्टचे. त्या पोराच्या हाती नेमका सोल्डरचा पडला होता. त्याच्या गावातल्या दुसऱ्या कोणाच्या जुन्या आय-५ वर तेच ब्लेड चाललं असतं तर कदाचित निभावलं असतं, आणि तो गावभर तुमच्या पेपराचं नाव सांगत फिरला असता.

झाकण असतं कशाला, हा प्रश्न त्यानंच विचारला. चांगला प्रश्न आहे. मी दुकान टाकलं तेव्हा पेन्टियम थ्री आणि अ‍ॅथलॉन एक्सपी यायचे, त्यातल्या बऱ्याच प्रोसेसरांवर झाकण नसायचं, डाय उघडाच. कूलरची, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या धातूच्या पात्या आणि पंख्याची, क्लिप पेचकसानं दाबून अडकवावी लागे. हात जरा तिरपा गेला की डायचा कोपरा उडायचा, ज्वारीच्या कणीएवढा. तेवढ्यानं मशीन मुकं व्हायचं. पहिल्याच वर्षी माझ्या हातून असे दोन अ‍ॅथलॉन गेले. झाकण आल्यापासून तो त्रास संपला. निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं ते झाकण कूलरचा दाब आपल्या अंगावर घेतं आणि नखाएवढ्या डायची उष्णता पसरवून कूलरच्या बुडाला देतं. म्हणून त्याला हीट स्प्रेडर म्हणतात. ते काढायला निघालेल्या माणसाला निदान ते का बसवलं हे तरी ठाऊक असावं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे पत्र म्हणजे दुसऱ्याच्या पोराला शहाणपण शिकवणं होईल.

२०१८ चा एप्रिल. आमच्याकडे लग्नसराई आणि ऊन एकदमच अंगावर येतात. एका फोटो स्टुडिओवाल्याचं मशीन होतं, आय-७ ४७९०, चौथी पिढी. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग लावलं की अर्ध्या तासात तापमान शंभराला टेकायचं आणि मशीन बैलासारखं बसायचं. पंखा साफ केला, झाकण आणि कूलर यांच्यामधली बाहेरची पेस्ट बदलली, कूलर मोठा टाकला. पाच-सात अंश उतरले, पुढे काही नाही. भंगारात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या एका आय-५ चं झाकण मी त्याआधी ब्लेडनं काढून पाहिलं होतं, छान निघालं होतं. हाताला माज आला होता, दुसरं काय.

तिसऱ्या पिढीत झाकणाखाली डाय सोडून पाटी कोरी असते. चौथ्या पिढीत डायच्या शेजारी तिळाएवढ्या कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या बारीक भागांची) रांग असते. हे मला माहीत नव्हतं. ब्लेड डिंकाच्या पट्टीपुरतंच आत जायला हवं, ते दोन-तीन मिलिमीटर जास्त गेलं. हाताला काही कळलं नाही, बारीकशी खरखर तेवढी झाली. झाकण निघालं तेव्हा दोन तीळ ब्लेडच्या धारेला चिकटलेले होते. स्टुडिओवाल्याच्या घरी त्या आठवड्यात तीन लग्नांच्या सीडी द्यायच्या बाकी. नागपूरहून जुना ४७९० आणून दिला, अकरा हजार माझ्या खिशातून गेले. बायकोला मी आठ सांगितले होते. आता हे छापून आलं तर कळेलच.

त्यानंतर मी ब्लेड सोडलं. झाकण सरकवण्याचं एक छोटं यंत्र मिळतं. परदेशात ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या गतीपेक्षा जोरात पळवणाऱ्या लोकांनी ते चलनात आणलं. रोमान हार्टुंग नावाचा जर्मन माणूस, जो डेअरबाउअर या नावानं ओळखला जातो, त्यानं काढलेलं डिलिड डाय मेट त्यातलं नावाजलेलं. तत्त्व अगदी सोपं आहे. प्रोसेसर एका खाचेत बसतो, त्याची पाटी जागच्या जागी अडते, आणि स्क्रू फिरवला की झाकण आडवं ढकललं जातं. वर उचललं जात नाही, आडवं सरकतं, म्हणून कडेचा डिंक आपोआप फाटतो आणि आत कोणतीही धार जात नाही. दगडाखालून गूळ ओढून काढायचा की दगडच बाजूला सारायचा, एवढाच फरक. स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवायचा. मध्येच ‘टक्’ असा आवाज होतो आणि पहिल्यांदा काळजात धस्स होतं, पण तो डिंक सुटल्याचा असतो. झाकण कोणत्या बाजूला सरकवायचं हेही पिढीप्रमाणे पाहावं लागतं, कारण आत कपॅसिटर कुठे आहेत त्यावर ते ठरतं. आणि हे सगळं पेस्टवाल्या प्रोसेसरसाठी. सोल्डरवाला त्यात घालून पिळू नये.

काही जण व्हाइसमध्ये (आवळायच्या लोखंडी पकडीत) पाटी धरून, झाकणाला लाकडाचा ठोकळा टेकवून हातोडी मारतात. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या माणसाचा प्रोसेसर शाबूतही राहिला. तरी सांगतो, करू नका. सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, इंटेलची पाटीच पातळ झाली आहे. व्हाइसमध्ये जास्त आवळली की ती वाकते.

झाकण निघालं की अर्धं काम झालं असं वाटतं. खरी नासाडी पुढे होते. पाटीवरचा काळा डिंक लोक ब्लेडनं खरवडतात आणि पाटीतल्या केसाएवढ्या तारा कापतात. मी जुनं एटीएम कार्ड वापरतो, कोपऱ्यांसाठी बांबूची काडी. वेळ लागतो, लागू द्यावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, थिनरनं किंवा पेट्रोलनं नव्हे. झाकणाच्या कडेचा डिंकही पूर्ण काढायचा, कारण तिथंच खरी मेख आहे. या पेस्टवाल्या पिढ्या तापतात त्याचा दोष सगळे पेस्टला देतात. पण त्या डिंकाच्या जाडीमुळे झाकण डायपासून जरा वर उचललेलं राहतं आणि मधली फट पेस्टनं भरून निघते. फट जितकी जाड तितकी उष्णता अडते. म्हणून झाकण पुन्हा बसवताना डिंक चारी कडांना फासायचा नाही. मोटारीच्या गॅस्केटला लावतात तो उष्णता सोसणारा रबरी डिंक चार कोपऱ्यांना मोहरीएवढा पुरतो. मग प्रोसेसर सॉकेटात, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या जागेत ठेवून, झाकण बोटानं धरून लिव्हर लावायची. बोट काढलं की लिव्हर झाकणाला ओढत नेते आणि ते तिरपं बसतं. एक रात्र तसंच राहू द्यायचं.

मध्ये भरायचं काय, यावर पोरं हमखास लिक्विड मेटलचं नाव घेतात. पाऱ्यासारखं दिसतं, साध्या पेस्टपेक्षा उष्णता कितीतरी चांगली नेते, हे खरं. पण त्यात गॅलियम नावाचा धातू असतो. गॅलियम ॲल्युमिनियमला खातं. नुसतं काळं करत नाही, आतून भुसभुशीत करतं, बोटानं दाबलं तर भाजलेल्या पापडासारखा तुकडा पडतो. कंपनीसोबत येणाऱ्या पुष्कळ छोट्या कूलरांचं बूड ॲल्युमिनियमचंच असतं. झाकणाच्या वर ते कधी लावू नये. झाकणाखाली लावायचं तर तांबं आणि निकेल चालतं, पण मग ते वीजही नेतं, आणि शेजारच्या कपॅसिटरांवर एक थेंब ओघळला की शॉर्ट. त्यांच्यावर आधी नेलपॉलिशचे दोन हात द्यावे लागतात, बिनरंगी असेल तर बरं. मी एकदा मुलीचं लालभडक दिलं, तो प्रोसेसर आजही एका ग्राहकाकडे कुंकू लावल्यासारखा चालतो आहे. साधी चांगली पेस्ट लावली तर हा धोका नाही. पण उघड्या डायवर पातळ पेस्ट गरम-थंड होताना हळूहळू कडेला सरकते, आणि वर्ष-दीड वर्षात पुन्हा तिथंच येतो आपण.

हे सगळं करून किती मिळतं? मी आजवर यंत्रानं अकरा प्रोसेसर उघडले, सगळे पेस्टचे. सर्वांत चांगला निकाल सतरा अंशांचा, सर्वांत वाईट सहाचा. तुमच्या लेखातला आकडा खोटा नाही. फक्त तो आकडा ज्याला हवा त्यानं त्याची किंमत काय मोजायची, हे त्यात नव्हतं. वॉरंटी तर झाकण हलताक्षणी संपते.

आणि मुळात आपल्याकडे ही वेळ किती जणांवर येते? माझ्याकडे तापण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या मशिनांपैकी झाकण उघडावं अशी दहात एकसुद्धा नसते. मी काय पाहतो ते सांगतो. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला प्लॅस्टिकचे चार पाय असतात, दाबून अडकवायचे. त्यातला एक पाय निसटलेला असतो आणि कूलर एका बाजूनं प्रोसेसरला टेकतच नाही. हे मला दर आठवड्याला भेटतं. दुरुस्तीला अर्धा मिनिट लागतो, पैसे मागायची लाज वाटते. झाकणावरची पेस्ट चुनाळातल्या वाळलेल्या चुन्यासारखी झालेली असते. कॅबिनेट भिंतीला चिकटवलेला, वर नक्षीदार कापड, कापडावर गणपती. एका जिनिंगच्या काट्यावरचं मशीन दिवाळीपासून होळीपर्यंत दरवर्षी यायचं. कूलरच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू बसून अक्षरशः गादी तयार व्हायची, हातानं सोलून काढावी अशी. गादी काढली, झाकणावरची पेस्ट बदलली, की अठ्ठ्याण्णवचे सत्तर. झाकणाला हातही लावला नाही.

दुसरं, खोलीचं तापमान. कूलर मोठा असो, लहान असो, प्रोसेसर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो खोलीच्या वर किती चढेल एवढंच त्याच्या हातात असतं. पुण्या-मुंबईच्या पंचवीस अंशांच्या खोलीत जे मशीन सत्तर दाखवतं, तेच आमच्या टिनाच्या छताखाली पंचेचाळिसात नव्वद दाखवणार. हे बिघाड नव्हे, बेरीज आहे. त्या पोराच्या रायझनची कंपनीनं ठरवलेली मर्यादा ९५ आहे. नव्वद पाहून घाबरून त्यानं ब्लेड हाती घेतलं. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःहून गती कमी करतो, फारच झालं तर मशीन बंद होतं. लगेच जळत नाही. आणि कृपा करून कॅबिनेट पाण्याच्या कुलरसमोर ठेवू नका. बोअरचं खारं पाणी, ओली हवा, महिनाभरात बोर्डावर पांढरी बुरशी चढल्यासारखं दिसतं.

स्टुडिओवाल्याचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. नागपूरहून आणलेला ४७९० ही तापलाच, तीच जात. मग विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं. एवढं केलं की टर्बो, म्हणजे गरजेला आपोआप गती वाढवण्याची सोय, बंद होतो. ४.० गिगाहर्ट्झपर्यंत उड्या मारणारं मशीन ३.६ वर चालतं, मिक्सिंगला तासामागं पाच-सात मिनिटं जास्त लागतात, आणि तापमान ऐंशीच्या खाली राहतं. फुकटात. हे मला अकरा हजार गेल्यावर सुचलं.

लॅपटॉपवाल्यांसाठी एकच ओळ: तुमच्या प्रोसेसरवर झाकण नसतंच, तिथं डाय उघडाच असतो. मागच्या पंधरवड्यात माझा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, माह्या लॅपटॉपचं झाकण काढून देता का?” काढून दिलं असतं, पण असायला तर हवं.

विनंती एवढीच, की त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच टायपात एक खुलासा छापावा: झाकण काढण्याआधी आपला प्रोसेसर सोल्डरचा आहे की पेस्टचा हे मॉडेल नंबरावरून पाहा, सोल्डरचा असेल तर हात लावू नका, आणि पेस्टचा असला तरी ब्लेड वापरू नका. आधी कूलरचे चार पाय तपासा, हेही जमलं तर टाका. जागा कमी असेल तर माझं हे पत्र कापा, खुलासा कापू नका.

तो पोरगा गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. पीक विम्याच्या दिवसांत त्याच्या दारात कास्तकारांची रांग असते. ते दिवस आता महिन्या-दोन महिन्यांवर आले आहेत. मी त्याला एक जुना रायझन ३ उसना दिला आहे, दिवाळीपर्यंत. तुटलेल्या प्रोसेसरचं झाकण त्यानं मागितलं नाही, माझ्याच टेबलावर राहिलं. आतल्या बाजूला तो लहान डाय अजून घट्ट चिकटलेला आहे. आपल्या लेखकाला पाहायचा असेल तर एसटी स्टँडसमोर विचारावं, दुकान सकाळी दहाला उघडतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
आर्वी, जि. वर्धा